बहिऱ्याचं झाड

या झाडाला नाव आहे: तुली.
तुली म्हणजे बहिरा.
झाड बहिरं नाही, लावणारा होता.
लांदाक नदीच्या वरच्या अंगाला,
जिथे होडीसुद्धा खांद्यावर घ्यावी लागते,
तिथे त्यानं दुरियन खाल्ला, बी थुंकली,
चार पावलं पुढे गेला,
आणि कोण जाणे काय वाटलं, मागे फिरून
तिच्यावर टाचेनं माती सारली.

एवढंच त्याचं कर्तृत्व.
बाकीचं सगळं झाडानं एकट्यानं केलं.
आता शेंडा बघायचा तर डोक्यावरची टोपी पडते.

दुरियन तोडायचा नसतो.
दगड मारायचा नसतो, झाड हलवायचं नसतं,
चढायचं नाव तर काढूच नये.
तो त्याच्या मर्जीनं, बहुतेक रात्री,
काट्यांसकट खाली येतो.
आपण पाल्याच्या खोपीत बसायचं
डासांना धूर देत,
डोकं छपराच्या आत ठेवून.

सेनोंग आत्या सांगते:
सगळे कान टवकारून बसायचे,
आणि बहिरा भुईवर उताणा, डोळे मिटून.
फळ पडलं की धप्प आवाज
आधी मातीत शिरायचा, मग हवेत.
त्याच्या बरगड्यांना तो पोचायचा
तेव्हा बाकीचे अजून
"काय रे, वाजलं का काही?" म्हणत असायचे.

मागच्या मोसमात पामतेलाच्या कंपनीचा माणूस आला.
रुस्दी नावाचा, पोंतियानाकचा,
बूट इतके नवे की चालताना कुरकुरत होते.
मोजपट्टीनं तुलीचा घेर घेतला,
तक्ता काढला, पेनाचं टोपण दातात धरलं.
"झाडाचा मालक?"

आम्ही सांगायला लागलो.
मी. माझा भाऊ योहानेस, तो सारावाकला कामाला आहे, पण धरा.
पाउलिनाची तिघं.
खालच्या गावात गेलेली किबोची माणसं.
किबोचा सावत्र मुलगा,
रात्रभर जागला तरच त्याचा वाटा, नाहीतर नाही.
आन्यानच्या पोटातलं.
रुस्दी लिहीत होता. ओळ संपली,
समास संपला, कागद उलटा केला.
त्रेसष्टाव्या नावाला म्हणाला,
"एकच नाव सांगा हो. इथे एकच रेघ आहे."

"तुली," आत्या म्हणाली.
"सही करतील?"
"बहिरा आहे. मोठ्यानं विचार."

त्यानं वर पाहिलं.
विचारलं नाही, पण तोंड उघडलं होतं, ते मी पाहिलं.

संध्याकाळी नदी फुगली, होडी निघेना.
म्हणून तो आमच्याच खोपीत राहिला,
बूट उशाला घेऊन, थेट भुईवर,
चटईसुद्धा नको म्हणाला, भिडस्त.
आम्ही बसून होतो. कोणीतरी मोबाइलवर
फुटबॉलची मॅच लावली होती, हळू आवाजात.

मध्यरात्र उलटली असेल.
रुस्दी ताडकन उठून बसला, हात छातीवर.
"काहीतरी पडलं."
आम्ही कोणीच ऐकलं नव्हतं.
आत्यानं मोबाइल बंद केला.

तो अनवाणी धावला. आम्ही त्याच्या मागे.
आधी पोचेल त्याचं फळ, हा नियम जुना आहे,
त्यात पोंतियानाकचा माणूस चालत नाही
असं कुठेही म्हटलेलं नाही.
टॉर्चच्या उजेडात तो उभा, पुढे दुरियन,
कुठून धरावा ते कळेना.
आत्यानं देठ दाखवला.
फोडला मीच, कोयत्याच्या टोकानं, शिवणीवर.

खाता खाता, बोटं चाटत,
त्यानं झाडामागे मिळणारा दर सांगितला.
कमी नव्हता.
ऐकलं नाही असं कोणी करू नये; ऐकलं सगळ्यांनी.
योहानेसच्या बायकोनं तर मनातल्या मनात
त्रेसष्टनं भागलंसुद्धा, ओठ हलत होते तिचे.

बी थुंकायची वेळ आली
तेव्हा रुस्दीनं इकडेतिकडे पाहिलं.
मग बी मुठीतच ठेवली.
पलीकडे, उताराच्या बाजूला,
दुसरं पडलं.